धोका कुणाकडून? : कोकणात जोखमीचा अभ्यास करायचा म्हणजे नेमकं काय

प्रश्न राजापूर तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. समाजशास्त्रात एम.ए.चं शेवटचं वर्ष. ती विचारते: "अणुऊर्जा, रिफायनरी, रासायनिक कारखाने यांच्या धोक्याचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ असतात असं वर्गात कळलं. मला हेच करायचं आहे. पण हे काम नेमकं काय असतं, काय शिकावं लागतं, यावर पोट भरतं का? आणि मी इथलीच असताना तटस्थ कशी राहणार? वडील म्हणतात बी.एड. कर. पीएच.डी.साठी तीन विषय डोक्यात आहेत: माडबनच्या अणुप्रकल्पविरोधी आंदोलनाचा इतिहास, बारसूच्या सड्यावरचा रिफायनरीचा वाद, किंवा खाडीत मुळे, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायका."

वडिलांचं म्हणणं मी शेवटाकडे घेते. आधी काम काय ते.

या कामात माझी पंचवीस वर्षं गेली. सुरुवातीच्या काळात एका अभ्यासासाठी प्रश्नावली घेऊन खाडीकाठच्या एका मच्छीमार वाडीत गेले होते. अकरावा प्रश्न असा होता: "प्रस्तावित प्रकल्पामुळे तुम्हाला किती धोका वाटतो?" खाली पाच चौकोन, 'अजिबात नाही'पासून 'खूप जास्त'पर्यंत. पडवीत एक साठीची बाई विळीवर बांगडे चिरून मिठाला लावत बसली होती. मी प्रश्न वाचला. हात न थांबवता तिने विचारलं, "धोका? कुणाकडून गो बाय?" मी म्हटलं, प्रकल्पाकडून. आता तिने हातातला बांगडा खाली ठेवला. "प्रकल्प म्हणजे कोण?"

त्याला माझ्याकडे चौकोन नव्हता. मी 'खूप जास्त'वर खूण केली आणि पुढच्या घरी गेले. त्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी दिवसाचे कागद लावताना ती खूण डोळ्यांसमोरून जाईना. बाईने मला उत्तर दिलंच नव्हतं, तिने प्रश्न विचारला होता, आणि मी तिच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक खूण मारून मोकळी झाले होते. अहवालात तिची नोंद 'जास्त भीती असलेला प्रतिसादक' अशी गेली.

आपल्या मराठीत 'धोका' या शब्दात दोन गोष्टी एकत्र राहतात, अपघाताची शक्यता आणि दगा. अभियंता धोका म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात गणित असतं: घटना घडण्याची शक्यता किती, घडली तर नुकसान किती, दोन्हींचा गुणाकार. ते गणित गरजेचं आहे, त्याची मी कधी हेटाळणी केलेली नाही. पण बाईच्या मनात दुसरा भाग होता. शब्द कोण देणार, तो मोडला तर दार कोणाचं ठोठवायचं? 'जोखीम' हा शब्दही तसाच. आपल्या आज्या दागिने घेऊन प्रवासाला निघाल्या की "जवळ जोखीम आहे, झोपू नको" म्हणायच्या. जोखीम म्हणजे सांभाळायला दिलेली मोलाची वस्तू. म्हणजे काय गमावलं जाऊ शकतं आणि ते कोणाच्या हवाली आहे, या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात आल्या. तुझं काम म्हणजे हा दुसरा भाग शोधणं, नीट नोंदवणं, आणि ज्या टेबलावर निर्णय होतात तिथे पाणी न घालता पोचवणं. करिअर म्हणून जे काही आहे ते यातूनच उभं राहतं.

या शाखेचा जन्मही अशाच एका गैरसमजातून झाला. १९६९ मध्ये चॉन्सी स्टार या अमेरिकन अभियंत्याने 'सायन्स'मध्ये लेख लिहिला. लोक स्वतःहून पत्करलेला धोका लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजारपट जास्त सहन करतात, असा त्याचा अंदाज होता. पुढे पॉल स्लोविक, बारूक फिशहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांनाच विचारायला सुरुवात केली. तीस गोष्टींची यादी दिली, मोटारी, सिगारेट, कीटकनाशकं, अणुवीज वगैरे, आणि धोक्याप्रमाणे क्रम लावायला सांगितलं. महिला मतदार संघटनेच्या सदस्यांनी आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी अणुवीज पहिल्या क्रमांकावर ठेवली. तज्ज्ञांनी विसाव्या. अनेकांनी याचा अर्थ लावला की लोक अडाणी आहेत, त्यांना समजावून सांगितलं की भीती जाईल. स्लोविक यांचा निष्कर्ष वेगळा होता. लोक फक्त मृत्यूंची संख्या मोजत नाहीत. धोका आपल्या हातात आहे का, तो दिसतो का, पुढच्या पिढीवर जातो का, फायदा ज्याचा तोटाही त्याचाच आहे का, हेही ते मोजतात.

हे समजायला स्लोविक यांच्या अमेरिकेतल्या ओरेगनला जायची गरज नाही. जैतापूरजवळच्या नाटे गावाच्या जेटीवर पहाटे उभी राहा. नारळी पौर्णिमेनंतर दर्या पुरता शांत झालेला नसतानाही होड्या बाहेर पडतात. त्यांतला प्रत्येक माणूस वीजकेंद्राच्या शेजारच्या माणसापेक्षा जास्त धोका रोज अंगावर घेतो, आणि त्याला ते ठाऊक असतं. वारा फिरला तर कुठल्या खाडीत शिरायचं, तांडेल कोण, जाळं कधी कापून टाकायचं, हे त्याच्या हातात आहे. म्हणून जैतापूरच्या अणुप्रकल्पाला झालेल्या विरोधाला 'घाबरट लोकांचा विरोध' म्हणणारं पत्रक वाचलं की मला राग येतो. घाबरट माणूस मच्छीमार होत नाही.

आता एक दूरची गोष्ट सांगते, कारण या क्षेत्रात आलीस की तुला ती पुन्हा पुन्हा भेटेल. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला. मेच्या सुरुवातीला तो किरणोत्सारी ढग इंग्लंडच्या वायव्येला कुंब्रियाच्या डोंगरांवर पावसातून उतरला. तिथे मेंढपाळांची वस्ती. आधी सरकारने सांगितलं काळजीचं कारण नाही. २० जूनला मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली, फक्त तीन आठवड्यांसाठी. शास्त्रज्ञांचा हिशेब असा की ढगातून आलेलं किरणोत्सारी सीझियम मातीत अडकून बसेल, गवतात येणार नाही. तो हिशेब चिकणमातीवरच्या प्रयोगांचा होता. डोंगरावरची माती आम्लधर्मी, कुजलेल्या गवताची. तिथे सीझियम अडकलं नाही, गवतातून मेंढीत, मेंढीतून पुन्हा जमिनीत फिरत राहिलं. तीन आठवड्यांची बंदी काही शेतांवर २०१२ पर्यंत टिकली.

ब्रायन विन हे समाजशास्त्रज्ञ त्या मेंढपाळांशी बोलत होते. शास्त्रज्ञांनी सुचवलं, मेंढ्या खाली दरीत चारा. मेंढपाळांना माहीत होतं की दरीतलं गवत हिवाळ्यासाठी राखायचं असतं, आत्ताच संपलं तर हिवाळ्यात खायला काय घालायचं. शास्त्रज्ञांनी प्रयोगासाठी कुंपणात मेंढ्या कोंडल्या. मेंढपाळ म्हणाले, कोंडलेली डोंगरी मेंढी खंगते, तुमचे आकडे चुकतील. कोणी ऐकलं नाही, नंतर तो प्रयोग सोडून द्यावा लागला. त्यात शेजारीच सेलाफील्डचं अणुकेंद्र, १९५७ ची तिथली आग लोकांच्या लक्षात होती, त्या वेळी माहिती दडवली गेली हेही लक्षात होतं. त्यामुळे "हे सीझियम चेर्नोबिलचंच आहे" यावर त्यांचा विश्वास बसेना. विन यांचं म्हणणं सोपं होतं. मेंढपाळांनी विज्ञान नाकारलं नव्हतं, त्यांनी विज्ञान सांगणाऱ्या संस्थेचं जुनं वर्तन तपासलं होतं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपला सडा, म्हणजे कातळाचं पठार, आठवला.

राजापूर, देवगडच्या बाजूचा कातळ तू लहानपणापासून पाहिलेला आहेस. उन्हाळ्यात तो भाजलेल्या भाकरीसारखा दिसतो. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं इथे काही नाही. सात-बारावर त्याची नोंद बऱ्याच ठिकाणी 'पोटखराब' अशी असते, म्हणजे लागवडीला अयोग्य. प्रकल्पाच्या कागदात या शब्दाचं भाषांतर 'ओसाड' होतं, आणि एकदा ओसाड झाली की भरपाईचा हिशेबही ओसाड जमिनीचा. एका ऑक्टोबरमध्ये मी एका बाईबरोबर दिवसभर सडा चालले आणि ती म्हणेल ते फक्त लिहून घेतलं. पहिल्या पावसात इथे कुर्ल्या. श्रावणात त्या वळणाला अळंबी. टाकळा, फोडशी, कुर्डू. या खळगीत भाताचा तरवा. गवताचे भारे, दरवर्षी किती आणि कोणाच्या वाट्याचे, हे तिला तोंडपाठ. करवंदं उन्हाळ्यात, ती मुलांनी काढून बाजारात विकायची. एका जागी तिने कातळावर पाय आपटला आणि म्हणाली, इथलं पाणी खाली वाडीच्या विहिरीला जातं. हे सगळं एका दिवसात माझ्या वहीच्या सतरा पानांवर आलं. तिच्या नावावर सड्यातला एक गुंठाही नव्हता, सात-बारा सामाईक आणि सगळी नावं पुरुषांची, निम्मी मुंबईत.

ही सतरा पानं म्हणजे समाजशास्त्रज्ञाचं काम. कोणी अभियंता मुद्दाम ती लपवत नाही. त्याच्या तक्त्यात तो रकानाच नसतो.

जैतापूरचा घटनाक्रम तुला माहीत असेल, तरी अभ्यासाच्या नजरेने पुन्हा लाव. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरीलवाडा इथली मिळून ९३८ हेक्टर जमीन, त्यावर फ्रेंच बनावटीच्या ईपीआर जातीच्या प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या. जमीन संपादन २०१० च्या सुरुवातीला उरकलं, पर्यावरणाची जनसुनावणी त्या वर्षी १६ मेला. जमीन आधी, विचारणं नंतर. नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी. पुढे साडेतीन महिन्यांत, ११ मार्च २०११ ला, फुकुशिमा. १८ एप्रिलला नाट्यात पोलीस गोळीबार, एका मच्छीमाराचा मृत्यू. त्याच वर्षी रॉजर बिल्हम आणि विनोद गौर यांनी 'करंट सायन्स'मध्ये या भागातल्या भूकंपांवर लेख लिहिला, त्याला इतर भूशास्त्रज्ञांनी प्रत्युत्तरं दिली. लेख कोणाचा बरोबर हे ठरवणं तुझं काम नाही, तुझी ती पात्रताही नसेल. पण 'तज्ज्ञांमध्येच एकमत नाही' ही बातमी चहाच्या टपरीवर, मशिदीच्या ओट्यावर, मुंबई मंडळाच्या बैठकीत कोणत्या रूपात पोचली आणि तिने काय केलं, हे फक्त तूच सांगू शकतेस.

आणि त्यानंतरची वर्षं. मला विचारशील तर जैतापूरमधला सगळ्यात कमी अभ्यासलेला धोका किरणोत्साराचा नाही, वाट पाहण्याचा आहे. त्याच जातीची अणुभट्टी फिनलंडमध्ये ओल्किलुओटोला २००५ मध्ये बांधायला घेतली, ती नियमित वीज द्यायला लागली २०२३ मध्ये. फ्रान्सात फ्लामांव्हिलला २००७ ची सुरुवात, ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये. आपल्याकडे तर बांधकामालाच सुरुवात नाही. मधल्या काळात त्या गावांत कोणी घराला नवा चिरा लावावा की नाही, कलमं लावावीत की नाही, मुलगी द्यावी की नाही, हे प्रश्न लोकांनी रोज सोडवले. एका घराची पडवी मी दहा वर्षं अर्धी बांधलेली पाहिली आहे. प्रकल्प झाला तर काय होईल याचे अहवाल कपाटभर आहेत, पण तो वर्षानुवर्षं ना होतो ना रद्द होतो तेव्हा काय होतं याचा रकाना अजून कोणी आखलेला नाही.

दुसरी एक गोष्ट, जी मला झोपू देत नाही. फुकुशिमा प्रांतात स्थलांतर, औषधपाण्याची आबाळ, निवारा केंद्रांतले हाल, आणि नंतरचं खचणं यांमुळे झालेले २३०० हून अधिक मृत्यू सरकारने आपत्तीशी संबंधित म्हणून नोंदवले. त्सुनामी आणि भूकंपाने त्या प्रांतात थेट गेलेल्या माणसांपेक्षा ही संख्या मोठी आहे. त्यांत बहुतेक म्हातारी माणसं. आता आपल्या वाड्या डोळ्यांपुढे आण. तरणी माणसं मुंबईत, दहा घरांत मिळून सहा म्हातारे, घाटीवजा एक रस्ता, पावसात दरड आली की तोही बंद. आपल्याकडे अणुकेंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीचा आराखडा करावा लागतो. त्या आराखड्यात बसगाड्यांची संख्या असते. गुडघे धरलेल्या आजीला वाडीच्या पायऱ्या चढवून रस्त्यावर कोण आणणार, ती गोठ्यातली गाय सोडून येईल का, मुंबईच्या मुलाचा फोन आल्याशिवाय ती घराबाहेर पडेल का, हे त्यात कोण लिहिणार? २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी भरलं आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळिये गावावर दरड आली, तेव्हा हेच प्रश्न कुठल्याही अणुभट्टीशिवाय आपल्यापुढे उभे राहिले. म्हणून अणुऊर्जेच्या जोखमीचा अभ्यास करणारा माणूस पूर, दरड, चक्रीवादळ, रासायनिक गळती या सगळ्यांच्या कामाला येतो. माझं पोट बरीच वर्षं यावर भरलं.

आता शिकायचं काय.

पद्धती तुझ्या अभ्यासक्रमात असतील: मुलाखत, सर्वेक्षण, नमुना निवड. त्या मनापासून शिक, विशेषतः संख्याशास्त्र, कारण 'ती फक्त गोष्टी सांगते' हा आरोप तुझ्यावर पहिल्याच सादरीकरणात होणार आहे. त्याच्या जोडीला पदार्थविज्ञानाची किमान अक्षरओळख हवी. बेकरेल (किरणोत्साराचं माप) आणि सिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचं माप) यांत फरक काय, आयोडीन-१३१ चं अर्धआयुष्य आठ दिवसांचं आणि सीझियम-१३७ चं तीस वर्षांचं म्हणजे लोकांच्या आयुष्यात काय फरक पडतो, निसर्गातूनच आपल्याला वर्षाला जगभरच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात आणि केरळच्या करुनागपल्लीच्या वाळूच्या किनाऱ्यावर त्याहून कितीतरी जास्त. समुद्राचं पाणी घेणाऱ्या नव्या औष्णिक वीजकेंद्रांना ते मूळ तापमानापेक्षा सात अंशांहून जास्त गरम करून सोडता येत नाही, हा नियम माहीत असला की मच्छीमार 'गरम पाणी' म्हणतो तेव्हा तुला पुढचा प्रश्न सुचतो: कुठल्या महिन्यात, कुठल्या खोलीवर, कुठल्या मासळीला? भौतिकशास्त्र येत नसलेला समाजशास्त्रज्ञ खोलीतल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मागे जातो. मी गेलेले आहे.

कायदे वाच, मूळ मसुद्यातून. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण अधिसूचना तर पाठच कर. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यायची, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा, आणि शेवटी इतिवृत्ताचा सारांश त्याच सभेत स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा. ही शेवटची अट बहुतेकांना माहीत नसते. भाषणं संपली की मंडप रिकामा होतो. तू बसून राहा. वाचन ऐक, राहिलेलं नोंदवायला सांग. मी पाहिलेल्या एका सुनावणीत दोन बायका शेवटपर्यंत थांबल्या, म्हणून खाडीतल्या पाण्याचा मुद्दा कागदावर आला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला, पण १९६२ चा अणुऊर्जा कायदा त्याच्या चौथ्या परिशिष्टात, म्हणजे वगळलेल्या कायद्यांच्या यादीत, घातला, त्यामुळे तिथे ही सक्ती लागू झाली नाही. हे समजल्यावर आपल्या कामाची गरज तिथेच जास्त का आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

संस्थांबद्दल थोडक्यात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र आहे, जैतापूरवर तिथे सामाजिक अभ्यास झालेला आहे, तो मिळवून वाच. पवईच्या आयआयटीत मानव्यविद्या विभाग आणि ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, अभियंत्यांच्या शेजारी बसून शिकायचं असेल तर तिथे जा. मासळीचं विज्ञान शिकायला रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय तुझ्या दाराशी आहे, तिथल्या प्राध्यापकांना भेटायला कोणाची चिठ्ठी लागत नाही. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली तर सध्या सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. पाच वर्षं बऱ्यापैकी निघतात.

नोकऱ्यांचं खरं चित्र: विद्यापीठातली कायम जागा दुर्मीळ, तिच्यावर भिस्त ठेवू नकोस. पर्यावरण अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना मान्यतेसाठी सामाजिक-आर्थिक विषयाचा तज्ज्ञ लागतोच, तिथे काम मिळतं आणि पैसेही बरे असतात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन, पुण्याची यशदा ही सरकारी प्रशिक्षण संस्था, स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प इथे करारावर कामं निघतात. म्हणजे उत्पन्न येतं, पण भरतीओहोटीसारखं. मी आठ वर्षं एका कॉलेजात तासिका घेऊन उरलेल्या वेळात हे केलं. म्हणून वडिलांना सांग, बी.एड.ला माझा विरोध नाही. हातात शिक्षकी पेशा असलेला संशोधक दबावाला कमी बळी पडतो, कारण उद्याची चूल एकाच अहवालावर अवलंबून नसते.

दबाव येतो. दोन्हीकडून येतो. एका अहवालातलं माझं अख्खं प्रकरण 'आकडेवारी अपुरी' म्हणून गळलं. खाडीकाठच्या बायकांच्या कमाईचं प्रकरण होतं ते. मला ते स्वतंत्रपणे छापताही आलं नाही, कारण सही करताना करारातलं मालकी हक्काचं कलम मी वाचलं नव्हतं. त्या बायकांनी मला दिलेले दिवस आजही एका कपाटात पडून आहेत. तेव्हापासून माझी अट आहे, नावं वगळून निष्कर्ष छापण्याचा हक्क माझ्याकडे राहील, नाहीतर काम नको. आणि दुसऱ्या बाजूचंही ऐक. एका गावात काही घरांनी भरपाईचे चेक घेतले होते, काहींना नोकरी हवी होती, हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा ज्यांच्याबरोबर मी जेवत होते तेच म्हणाले, "हे लिहू नका ताई." मी लिहिलं. वर्षभर माझ्याशी कोणी धड बोललं नाही. नंतर त्यांतल्याच एकाने तोच अहवाल न्यायालयाच्या कामासाठी मागून नेला, कारण त्यात दोन्ही बाजूंची मोजणी होती आणि समोरच्या वकिलाला ती खोडता येईना.

तटस्थतेचं तू विचारलंस. कोकणात अनोळखी मुलीला पहिला प्रश्न असतो, "कोणाची गो तू?" म्हणजे कोणत्या घरातली. २०११ नंतर त्याच प्रश्नाचा अर्थ बदलला, कोणाच्या बाजूची असा झाला. तू कोणाचीच नाहीस असं सांगितलंस तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते खरंही नसेल. तू खरं सांग: अमक्या वाडीची, अमक्याची मुलगी, पैसे अमक्या संस्थेचे, अहवाल अमक्याला जाणार. मत असलं तर असू दे, माझंही आहे. ज्या जमिनीवरून माणसं उठणार त्यांना जमीन घेण्याआधी विचारायला हवं होतं, असं मी उघड म्हणते. पण मोजणी अशी कर की तुझ्या मताच्या विरुद्ध असलेला माणूस तीच वही घेऊन तीच वाडी फिरला तर त्याला तेच आकडे मिळावेत. माझ्यापुरती तटस्थतेची व्याख्या एवढीच आहे.

वहीचा विषय निघाला म्हणून: ज्या गावांत लोकांवर खटले आहेत तिथे वहीत नावं लिहायची नाहीत. वाडीलाही खूणक्रमांक द्यायचा, आणि खूणक्रमांकांची यादी वेगळ्या घरी ठेवायची. फोनवर मुलाखत ध्वनिमुद्रित करताना मध्ये कोणी भावाचं नाव घेतलं तर तो भाग तिथेच पुसायचा, घरी जाऊन नव्हे. आणखी एक, नमुना निवडताना मुंबईची माणसं विसरू नकोस. आपल्या गावांचे निर्णय अर्धे गावकीत होतात आणि अर्धे लालबाग-परळच्या खोल्यांत. फक्त मे महिन्यात किंवा गणपतीत सर्वेक्षण केलंस तर चाकरमान्यांचं मत गावाचं म्हणून येतं, फक्त पावसात केलंस तर त्यांचं मुळीच येत नाही. दोन्ही वेळा जा.

ती बांगडे चिरणारी बाई मला पुन्हा भेटली, सहा वर्षांनी. मी तिच्या म्हणण्याचा उतारा मराठीत लिहून नेला होता आणि वाचून दाखवला. तिने मध्येच थांबवलं. "मी धोका कुणाकडून म्हटलं, पण पुढचं नाय लिहिलंस." पुढचं काय, मला आठवेना. तिला आठवत होतं. "मी म्हटलेलं, दर्याकडून असला तर दर्याला नारळ देता येतो." सहा वर्षांपूर्वी माझं लक्ष पुढच्या घराकडे होतं म्हणून ते वाक्य माझ्या कागदात नाही. आता आहे.

तर तुझे तीन विषय. आंदोलनाचा इतिहास महत्त्वाचा आहे, पण त्यातली माणसं अजून खटल्यांत आणि राजकारणात आहेत, पहिल्या कामासाठी ओझं जड आहे. बारसूवर २०२३ च्या माती परीक्षणापासून आणि तिथल्या कातळशिल्पांमुळे आधीच खूप लोक लिहीत आहेत. मुळे काढणाऱ्या बायका घे. त्यांच्या कमाईची नोंद कुठल्याच सरकारी तक्त्यात नीट नाही, बोटीचा परवाना नाही, सोसायटीचं सभासदत्व नाही, म्हणजे उद्या खाडीचं पाणी कोणत्याही कारणाने बदललं तर त्यांचं काय गेलं हे सिद्ध करायला कागद नाही. तो कागद तू तयार कर. एक पूर्ण वर्ष, दर पंधरवड्याला अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला दोन दिवस आणि अष्टमीच्या सुमाराला एक दिवस, कोणी किती टोपल्या काढल्या, किती घरी शिजवल्या, किती विकल्या, कोणाला, काय भावाने. पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजायची साधी साधनं मत्स्य महाविद्यालयातून मागून घे. पहिला महिना प्रश्नावली घरी ठेव आणि त्यांच्याबरोबर चिखलात उतर. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्याप्रमाणे उठायची सवय आतापासून लाव. प्रश्नांचा पहिला मसुदा झाला की मला पाठव, आणि त्यात 'धोका' हा शब्द वापरला असशील तर त्याच्यापुढे एक कोरी ओळ सोड.